मौन म्हणजे संमती नव्हे
चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातून व्यवस्थापकांसाठी काही धडे

भूमिगत कोळसा खाणीत उतरणाऱ्या कामगाराला एक जुनी सवय लावलेली असते. कामाच्या जागी पोहोचल्यावर तो प्रथम हातातील काठीने छताला ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. आवाज भरीव आला, तर छत घट्ट आहे असे समजायचे. पोकळ आला, तर वरचा थर आतून सुटला आहे, आणि आधार लावल्याखेरीज त्याखाली कोणी उभे राहायचे नाही. डोळ्यांना दोन्ही छते सारखीच दिसतात. फरक केवळ ऐकणाऱ्याला कळतो. कोळशाच्या चंद्रपूर जिल्ह्यात या ऐकण्याच्या भरवशावर अनेकांनी आपले प्राण सांभाळले आहेत.

जमिनीच्या वर, त्याच प्रदेशातील पेढ्यांवर, भातगिरण्यांत, वखारींत आणि कारखान्यांच्या कार्यालयांत अशी तपासणी सहसा होत नाही. मालक किंवा व्यवस्थापक काम सांगतो, शेवटी ‘समजले ना?’ असे विचारतो, आणि समोरून ‘हो जी’ असे उत्तर येते. ते भरीव आहे की पोकळ, हे ठोकून पाहण्यास कोणाला सवड नसते. दुसऱ्या दिवशी माल चुकीच्या गाडीत चढतो, सांगितलेली तारीख टळते, चांगला कारागीर कारण न सांगता काम सोडतो. मग ‘सांगितले होते की’ हे वाक्य ऐकू येते. सांगितले होते, यात शंका नसते. ते पोहोचले होते का, आणि समोरच्याला काही सांगायचे होते का, हे विचारायचे राहून गेलेले असते.

व्यवस्थापनाच्या ग्रंथांत संवाद आणि नेतृत्व यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्यांचा व्यापार चंद्रपूर-गडचिरोलीच्या परिसरात आहे, त्यांना या विषयाचे उत्तम धडे घराजवळच उपलब्ध आहेत. ते शिकवणारे एक छोटे गोंड गाव आहे, एक रुग्णालय आहे, अरण्यातील एक प्रकल्प आहे आणि कुष्ठरुग्णांनी उभारलेली एक वसाहत आहे.

‘हो जी’मागचे अर्थ

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे सर्रास वापरले जाते. लग्नाच्या बैठकीत ते कदाचित चालून जात असेल. कामाच्या ठिकाणी मात्र ते महाग पडते. मौनाला अनेक कारणे असतात, आणि संमती हे त्यांपैकी केवळ एक.

पहिले कारण भाषेचे. गडचिरोली जिल्ह्यात मराठीच्या जोडीला गोंडी आणि माडिया बोलल्या जातात, सिरोंचाकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेलगत छत्तीसगढी, तर निर्वासितांच्या वसाहतींतून बंगाली. एकाच गिरणीत चार मातृभाषांची माणसे काम करीत असतात आणि व्यवस्थापकाची घाईची मराठी किंवा हिंदी त्यांच्यापर्यंत निम्मीच पोहोचते. न समजल्याचे कबूल करण्यात कमीपणा वाटतो. म्हणून ‘हो जी’.

दुसरे कारण पैशाचे. ज्याने हंगामाआधी उचल घेतली आहे, तो मालकाला सहसा विरोध करीत नाही. तिसरे कारण अनुभवाचे. मागच्या वेळी ज्याने वाईट बातमी आणली, त्यालाच बोलणी खावी लागली, हे सर्वांनी पाहिलेले असते. एका माणसाला चार लोकांदेखत झापले, की दहा माणसांची तोंडे बंद होतात, आणि ती पुन्हा उघडायला वर्षे लागतात.

समजा, मूल किंवा देसाईगंजकडील एखादी भातगिरणी आहे. धान वर चढविणाऱ्या यंत्राच्या बेअरिंगमधून दोन दिवसांपासून वेगळा आवाज येत आहे. तिथे उभ्या असलेल्या हमालाला तो ऐकू येतो. मुकादमाला सांगावे, तर मुकादम म्हणेल, तू यंत्रज्ञ आहेस काय? व्यवस्थापकाला सांगावे, तर त्याच्या खोलीत जाण्याचा प्रघात नाही. तो गप्प राहतो. तिसऱ्या दिवशी ऐन हंगामात गिरणी बंद पडते, दाराशी धानाच्या गाड्यांची रांग लागते, आणि यंत्र बंद पडताना कोणाचा हात त्यात नव्हता, हे केवळ नशीब. गिरणीतील सर्वांत महत्त्वाची बातमी सर्वांत कमी पगाराच्या माणसापाशी होती. ती वर जाण्यास वाट नव्हती.

खाणकामाच्या नियमांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. म्हणूनच त्यांत सुरक्षा समितीची आणि कामगारांच्या वतीने पाहणी करणाऱ्या कामगार-निरीक्षकाची तरतूद आहे. छताखाली जो उभा असतो, त्याच्या कानावर विश्वास ठेवावा लागतो, हे कायद्यानेच मान्य केले आहे. दुकान, गिरणी आणि पेढी यांना मात्र ही वाट स्वतःच घालून द्यावी लागते.

मेंढा (लेखा) : जिथे एकाचाही नकार मोजला जातो

गडचिरोली शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटेसे गाव आहे. वस्ती पाचशेच्या आसपास, घरे साधी, भोवती दाट अरण्य. अरण्यप्रदेशातील शेकडो गावांसारखेच हे गाव, पण निर्णय घेण्याच्या पद्धतीमुळे ते देशभर ओळखले जाऊ लागले. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात त्याची कहाणी मराठी वाचकांपुढे सविस्तर ठेवली आहे.

१९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध या भागातील आदिवासींचे मोठे आंदोलन उभे राहिले. लालश्यामशाह महाराज आणि बाबा आमटे यांचे नेतृत्व त्याला लाभले. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही गोंडी घोषणा त्या काळातली. आंदोलन ओसरल्यावर घोषणा सहसा भिंतीवरच राहतात. मेंढ्याने तिचा अर्थ शोधायला घेतला. गावचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या शोधात दीर्घकाळ टिकली. त्यातूनच पुढे गावाचे प्रसिद्ध वाक्य आले : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

आपले राज्य म्हणजे कोणाचे, हा पहिला प्रश्न होता. बहुमताने निर्णय घ्यायचे म्हटले, तर हरलेले लोक गावातच राहतात. त्यांची नाराजी तशीच राहते, आणि जंगलाची राखण करायची वेळ आली की ते घरी बसतात. म्हणून मेंढ्याने सर्वसहमतीची पद्धत स्वीकारली. ग्रामसभेत हात वर करून मोजणी होत नाही. एकाने जरी आक्षेप घेतला, तरी निर्णय पुढे ढकलला जातो, त्याचे म्हणणे पुन्हा ऐकले जाते, आणि सर्वांचे समाधान होईल असा मार्ग शोधला जातो. सभेला स्त्रियांनी आणि पुरुषांनी, दोघांनीही यावे, हा आग्रह असतो. कारण निर्णय पाळण्याचे ओझे दोघांवरही पडते.

व्यापारी माणसाला हे ऐकून प्रथम प्रश्न पडतो तो वेळेचा. इतका वेळ कोणापाशी आहे? प्रश्न रास्त आहे. मात्र हिशेब पूर्ण मांडायला हवा. घाईने घेतलेल्या निर्णयाचा वेळ वाचतो तो घेताना. तो राबविताना मात्र दुपटीने खर्च होतो. आठवणी द्याव्या लागतात, पहारे ठेवावे लागतात, रुसवे काढावे लागतात. ज्या निर्णयात स्वतःचे म्हणणे ऐकले गेले, तो निर्णय माणूस आपला समजतो, आणि आपल्या वस्तूवर पहारेकरी लागत नाही. मेंढ्याचे जंगल राखायला गावाने पगारी फौज ठेवली नाही.

अभ्यास आणि निर्णय यांची फारकत

व्यवस्थापकांच्या दृष्टीने मेंढ्याचा सर्वांत मोलाचा शोध ‘अभ्यास गट’ हा आहे. सर्वसहमतीइतका तो गाजलेला नाही. पण त्याशिवाय सर्वसहमती टिकली नसती.

अभ्यास गट म्हणजे ज्यांना एखाद्या विषयात रस आहे, अशांनी एकत्र बसून त्या विषयाची चर्चा करणे. यावे असे बंधन नाही. बाहेरचे जाणकारही त्यात बसू शकतात, आपले ज्ञान मांडू शकतात. कायदा काय सांगतो, नकाशात काय आहे, झाड कधी तोडावे, सरकारी योजना कशी चालते, असे विषय तिथे निघतात. नियम एकच : अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णयाचा अधिकार केवळ ग्रामसभेचा, आणि तिथे बाहेरच्या माणसाला स्थान नाही.

या साध्या विभागणीचा परिणाम खोल आहे. जिथे निर्णय व्हायचा नसतो, तिथे कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. माणूस निर्भयपणे शंका विचारतो, कालचे मत आज बदलतो, ‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणतो. मधाच्या पोळ्यांचा विषय अशाच अभ्यासातून पुढे आला आणि माश्या न जाळता, पोळे नष्ट न करता मध काढण्याची रीत गावाने अंगीकारली. जैन घरांत मध वर्ज्य आहे. तरीही, जुनी हिंसक रीत हुकमाने न थांबवता लोकांच्या स्वतःच्या विचाराने कशी थांबते, हे पाहण्याजोगे आहे.

आपल्याकडील बहुतेक बैठकींत याच्या उलट घडते. मालक आधी स्वतःचे मत सांगतो, मग विचारतो, ‘तुम्हाला काय वाटते?’ मत आणि निर्णय एकाच श्वासात आल्यावर मुनीम काय बोलणार? तो मान डोलावतो. बैठक दहा मिनिटांत संपते आणि मालकाला वाटते, सगळे एकदिलाने मागे उभे आहेत. छत दिसायला घट्ट असते. ठोकून कोणी पाहिलेले नसते.

बाजारात उतरलेली ग्रामसभा

२००६च्या वनहक्क कायद्यानुसार मेंढ्याने आपल्या परंपरागत जंगलावर सामूहिक हक्काचा दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील हक्क गावाला मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. पण कागद हाती आला, तरी बांबू बाजारात नेता येईना. बांबू हे झाड की गवत, हा वाद आड आला, आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. नवा कायदा बांबूला गौण वनोपज मानतो, हे गावाने अभ्यासातून जाणले होते. तो मुद्दा त्याने शांतपणे, पण न सोडता लावून धरला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या दिवसापासून मेंढा गाव बांबूचा विक्रेता झाले.

ही घटना या भागातील व्यापाऱ्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाची होती. पेसा आणि वनहक्क या दोन कायद्यांच्या आधारे पुढे अनेक ग्रामसभा बांबूचा आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. तेंदूचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी काही आठवड्यांचाच असतो. ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी, हे गणित जुनेच राहिले. समोर बसणारा माणूस मात्र बदलला. पूर्वी एका अधिकाऱ्याशी किंवा गावातील एका प्रमुखाशी बोलून काम भागत असे. आता फळीवर पान आणणाऱ्या बाईलाही दर कसा ठरला हे विचारण्याचा अधिकार आहे.

ज्या व्यापाऱ्याला ही पद्धत उमगली, त्याचे काम सोपे झाले. असा व्यापारी सभेत सर्वांसमोर बोलतो, आकडे उघड मांडतो, उत्तरासाठी घाई करीत नाही. एकदा ग्रामसभेचा होकार आला की तो शंभर घरांचा होकार असतो. एका म्होरक्याला बाजूला घेऊन मिळविलेला होकार मात्र दुसऱ्या सकाळी फिरू शकतो. ज्या चुकीमुळे गावाशी केलेला सौदा मोडतो, त्याच चुकीमुळे पेढीतील आज्ञाही मोडतात. दोन्हीकडे एकाशी बोलून सर्वांचे उत्तर गृहीत धरलेले असते.

आधी विचारा, मग बांधा

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेला आदिवासींसाठी रुग्णालय उभारायचे होते. आदिवासी रुग्णालयात येत नाहीत, त्यांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी लोकांनाच विचारले : तुम्ही का येत नाही?

उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत आमचा जीव दडपतो. डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात. आम्ही प्रेताला पांढरे वस्त्र गुंडाळतो. नातेवाइकांना बाहेर काढतात आणि आजारी माणूस एकटा पडतो. आणि तिथे आमचा देव नाही. या उत्तरांना अडाणीपणा न समजता त्यांनी ती आराखड्यात उतरवली. शोधग्रामचे रुग्णालय गोंडांच्या गावासारखे, झोपड्यांच्या रचनेत बांधले गेले. रुग्णासोबत घरच्यांना राहता यावे अशी सोय झाली. आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. लोक येऊ लागले.

ऐकण्याने मने जिंकता येतात, एवढाच याचा अर्थ नाही. कामाचे फळही त्यानेच बदलते. या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. ३९ गावांत ती राबविल्यावर नवजात बालकांच्या मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना कोणी काही विचारत नव्हते, अशा खेड्यातील स्त्रियांवर जबाबदारी टाकल्याने हे घडले.

भामरागडजवळच्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे पोहोचले, तेव्हा माडिया लोक त्यांच्यापासून दूरच राहत. या दोघांनी प्रथम माडिया भाषा शिकून घेतली. पोशाख साधा केला, राहणी तशीच ठेवली. औषध देण्याच्या आधी ‘कुठे दुखते?’ हे त्यांच्या भाषेत विचारता आले पाहिजे, ही त्यांची समजूत होती. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यामागे भाषेपासून झालेली ही सुरुवात होती. आपल्या गिरणीत वीस वर्षे काम करणाऱ्या माणसाच्या मातृभाषेतील दहा शब्द व्यवस्थापकाला येतात का, हा प्रश्न येथे स्वतःला विचारून पाहावा.

आणि वरोऱ्याचे आनंदवन. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्यांच्या बोटे झडलेल्या हातांना त्यांनी भिक्षा न देता काम दिले. त्या हातांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. दया माणसाला खाली बसवते, विश्वास उभे करतो, हा आनंदवनाचा अनुभव. कामगाराकडे केवळ हात म्हणून पाहणारा व्यवस्थापक त्याच्या डोक्यातील अर्धी संपत्ती न वापरताच पगार चुकता करीत असतो.

घरातलाच वारसा

भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाला जाणाऱ्या कुटुंबांना यातील बरेचसे परके वाटणार नाही. पाच समितींमधील भाषासमिती बोलण्यावर हितकर, मोजके आणि असंदिग्ध असण्याचे बंधन घालते. ती साधूंसाठी असली, तरी गृहस्थाला दिशा दाखवते. यातील ‘असंदिग्ध’ हा शब्द प्रत्येक व्यवस्थापकाने मेजावर लिहून ठेवावा. ‘जरा लवकर पाहा’ हे संदिग्ध आहे. ‘शनिवारी दुपारी चारपर्यंत’ हे असंदिग्ध आहे.

सत्यव्रताच्या अतिचारांत ‘रहोभ्याख्यान’ सांगितले आहे, म्हणजे एकांतातील बोलणे उघड करणे. नोकराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत बोलून दाखविणारा मालक त्या नोकराकडून पुन्हा काही ऐकण्याचा अधिकार गमावतो. अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे. शक्तीपेक्षा अधिक ओझे लादणे. कोणाची शक्ती किती, हे विचारल्याशिवाय कळणार कसे? आणि सत्य अनेक बाजूंनी पाहावे लागते असे सांगणारा अनेकान्त, गादीवर बसून दिसणारी बाजू ही एकच बाजू आहे, याची आठवण देतो.

पर्युषणात क्षमा मागण्याची परंपरा प्रत्येक घरात आहे. ती नातेवाइकांपुरती आणि संदेशांपुरती राहू नये. वर्षातून एकदा मालकाने हमालासमोर उभे राहून, ‘अमुक दिवशी मी तुला नको ते बोललो,’ असे घटनेचे नाव घेऊन म्हणावे. त्या एका वाक्याने जितकी तोंडे उघडतील, तितकी कोणत्याही प्रशिक्षणाने उघडणार नाहीत.

पेढीवर रुजविता येतील अशा सवयी

या सर्व उदाहरणांतून काही सवयी निघतात. त्यांना खर्च नाही. सातत्य मात्र हवे.

पहिली सवय : मालकाने शेवटी बोलावे. बैठकीत सर्वांत कनिष्ठ माणसापासून आरंभ करावा आणि वर यावे. आपले मत आधी कळले, तर पुढची सर्व मते त्याच रंगाची येतात.

दुसरी सवय : विचाराची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवावी. नवा माल घ्यावा का, पाळ्या बदलाव्यात का, असे विषय एक दिवस केवळ बोलण्यासाठी ठेवावेत. ‘आज काही ठरवायचे नाही’ असे आरंभीच सांगावे. निर्णय दोन दिवसांनी घ्यावा.

तिसरी सवय : ‘समजले ना?’ असे विचारणे बंद करावे. त्याऐवजी, ‘हे काम तू कसे करशील, ते मला सांग,’ असे म्हणावे. उत्तर ऐकताच आपले सांगणे किती पोहोचले, ते कळते. चूक आढळली, तर ती सांगणाऱ्याची मानावी.

चौथी सवय : वाईट बातमी आणणाऱ्याचे आधी आभार मानावेत. नुकसानीची चौकशी त्यानंतर. चूक झाली असेल, तर ती एकांतात दाखवावी. शाबासकी मात्र सर्वांसमोर द्यावी.

पाचवी सवय : आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन उभे राहावे. खोलीत बोलावलेला माणूस पाहुण्यासारखा बोलतो. आपल्या जागेवर, आपल्या यंत्राशेजारी तो जाणकारासारखा बोलतो.

सहावी सवय : दिलेल्या सूचनेचे काय झाले, ते कळवावे. सूचना मान्य झाली नाही, तरी कारण सांगावे. उत्तर न मिळालेली सूचना ही त्या माणसाची शेवटची सूचना ठरते.

येथे एक मर्यादाही ओळखली पाहिजे. आग लागली असताना, पट्टा तुटत असताना किंवा कोणाला इजा झाली असताना सभा भरवायची नसते. तिथे एकाने आज्ञा द्यावी आणि इतरांनी ती पाळावी. भावाचा चढउतार मिनिटांत होतो, तिथेही एकाला अधिकार असावा. मेंढ्याच्या ग्रामसभेनेही वणवा विझवायला ठरावाची वाट पाहिली नसती. मात्र संकटात दिलेली आज्ञा पाळली जाते ती शांततेच्या काळात कमावलेल्या विश्वासावर. ज्याने वर्षभर ऐकले, त्याचा एक शब्द त्या घटकेला पुरतो.

कुटुंबाच्या व्यापारात हे ऐकणे गादीच्या पलीकडेही जाते. वडील आणि मुलगा, दोन भाऊ, सासरे आणि हिशेब पाहणारी सून यांच्यातही पोकळ ‘हो’ साठत असतात. कित्येक पेढ्या बाजारातील मंदीने फुटल्या नाहीत. घरात वर्षानुवर्षे न बोललेल्या गोष्टींनी फुटल्या. वाटणीच्या दिवशी जी तक्रार बाहेर पडते, ती दहा वर्षांपूर्वी एखाद्या संध्याकाळी विचारली असती, तर कदाचित अर्ध्या तासात मिटली असती.

जुन्या पेढ्यांवर दिवे लागण्याच्या सुमारास रोजमेळ मिळविल्याशिवाय कोणी उठत नसे. एक रुपया कमी पडला, तरी तो सापडेपर्यंत मुनीम बसून राही. त्याच मेळाबरोबर आणखी एक नोंद घेण्याची सवय लावावी : आज आपल्याला कोणी ‘नाही’ म्हटले का? सलग कित्येक दिवस ती जागा कोरी राहिली, तर सारे सुरळीत चालले आहे असे समजून निजू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, खाणीतल्या कामगाराप्रमाणे, छताला ठोकून पाहावे.